‘गिरणीच्या जमिनीत कसलं आलंय विष?’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींच्या, गिरणी कामगारांच्या वारसांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा गोषवारा असा : “गिरण्यांमध्ये कापूस, सूत आणि कापड होतं, केमिकलचे कारखाने नव्हते. जमिनीत विष आहे ही पर्यावरणवाल्यांची नवी टूम. 1982 च्या संपाला चाळीस वर्षं होऊन गेली, काही असलंच तर पावसात वाहून गेलं. बिल्डर सॉइल टेस्ट करतोच. सरकार परवानगी देतं ते काय डोळे मिटून? एवढे टॉवर उभे राहिले, मॉल झाले, कोणाला काय झालं? माती तपासायची मागणी म्हणजे कामगारांची घरं अडवायचा डाव आहे.”

शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळी अर्धवट माहिती आहे. शेवटच्या वाक्यात मात्र खरा राग आहे आणि त्याला कारणही आहे, म्हणून त्याच्याकडे सावकाश येतो. आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे भलतंच काही माझ्या तोंडी घालायला नको. गिरणीची सगळी जमीन विषारी असते असं मी म्हणत नाही. दहा-पंधरा एकरांच्या आवारात बहुतेक भाग साचाखातं (विणकाम), त्रासन (सूतकताई), गोदामं आणि मोकळी पटांगणं यांचा असतो आणि त्यात फारसं काही सापडण्याची शक्यता कमी. धोका असलाच तर चार-दोन कोपऱ्यांत असतो. ते कोपरे कोणते आणि उद्या तिथे कोण राहणार, कोण खेळणार, एवढंच घर बांधायच्या आधी कळायला हवं.

“कापूस, सूत आणि कापड होतं”

गाठ फुटून कापूस ब्लो रूममध्ये जातो, तिथून कार्डिंग, त्रासन, वायंडिंग. इथपर्यंत मेसेजवाल्याचं खरं आहे. या खात्यांनी माणसाच्या छातीत कापूस भरला, बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार दिला, पण जमिनीत फारसं काही मुरवलं नाही. ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, कांजी खात्यात आला की गोष्ट बदलते. कांजी म्हणजे स्टार्च आणि चरबी, आणि दमट हवेत त्यांना बुरशी धरणारच. ती धरू नये म्हणून कांजीत झिंक क्लोराइड घालायची पद्धत इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांपासून चालत आली. पुढे विसाव्या शतकात याच कामासाठी पेंटाक्लोरोफेनॉलही वापरलं गेलं. त्याला आज बहुतेक देशांत बंदी आहे किंवा त्याच्यावर कडक निर्बंध आहेत.

सगळ्या गिरण्यांत रंगखातं नव्हतं, हेही मान्य. काही गिरण्या नुसतं सूत काढत, काही कोरं कापड विणून थांबत. पण ज्या ‘कंपोझिट’ होत्या त्यांच्यात कापड धुऊन, रंगवून, छापूनच बाहेर पडे. तिथे काय लागे? ब्लीचिंग पावडर आणि हायपोक्लोराइट लागे. कापडाला चमक आणायच्या मर्सरायझिंगला कॉस्टिक सोडा लागे, तोही पिंपाने. सल्फर रंग विरघळवायला सोडियम सल्फाइड, आणि कापडावर चढलेला व्हॅट किंवा सल्फर रंग पक्का करायला सोडियम डायक्रोमेट. हे डायक्रोमेट म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, श्वासावाटे गेलं तर फुप्फुसाचा कर्करोग करणारं आणि पाण्यात सहज विरघळणारं. ॲझो रंगांचा एक मोठा गट बेंझिडीनपासून बनायचा. जर्मनीने 1994 मध्ये अशा रंगांवर बंदी आणली, त्याच दशकात भारतानेही आणली. मुंबईच्या गिरण्यांची रंगखाती त्याआधीची शंभर वर्षं चालली होती.

यातलं काही नसलेल्या गिरणीतही बॉयलर होताच. चिमणी उगाच नव्हती. कोळसा जळला की राख उरते आणि ती आवारातल्या खळग्यांत भराव म्हणून टाकून देणं ही गिरण्यांची जगभरची जुनी सवय. कोळशाच्या राखेत आर्सेनिक आणि शिसं असतं. कोळशाच्या जागी फर्नेस ऑइल आलं तेव्हा त्याच्या टाक्या आल्या, काही जमिनीवर, काही जमिनीखाली. जमिनीखालच्या लोखंडी टाकीला भोक पडलं तर तेलाचा हिशेब लागेपर्यंत कोणाला कळत नाही. वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचं वेष्टण, शेडवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी ही क्लोरीनयुक्त विषारी रसायनं असू शकतात, आणि ते जमिनीत पडले की दशकानुदशकं तसेच राहतात. शिवाय मेकॅनिक खात्यात ग्रीस काढायला वापरायची सॉल्व्हंट होतीच.

ज्या देशाकडून आपण गिरणी उचलली त्या ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 1990 च्या दशकात जुन्या उद्योगांच्या जमिनींसाठी उद्योगवार पुस्तिका काढल्या. कोणत्या उद्योगाच्या जमिनीत काय शोधायचं ते त्यांत दिलंय. कापड गिरण्या आणि रंगशाळा यांची त्यात स्वतंत्र पुस्तिका आहे. नुसता कापूस असता तर ती काढायची गरज पडली नसती.

आणि गिरणगावात नुसत्या गिरण्याही नव्हत्या. लालबागला बॉम्बे गॅस कंपनी होती, गल्लीला अजून गॅस कंपनी लेन म्हणतात. दगडी कोळशापासून गॅस काढायचा उद्योग मागे डांबर, नॅप्थलीन, बेंझिन आणि सायनाइडयुक्त कचरा ठेवतो. जुन्या गॅसच्या कारखान्यांच्या जागा युरोपात आणि अमेरिकेत दूषित जमिनींच्या यादीत अगदी वर असतात. तेव्हा कुंपणाच्या आत काय होतं एवढं पाहून भागत नाही, शेजारी कोण होतं तेही पाहावं लागतं.

“पावसात वाहून गेलं”

कुठे वाहून गेलं, हे मेसेजवाला सांगत नाही.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे खरं. पण शिसं आणि बहुतेक जड धातू मातीच्या कणांना चिकटून बसतात, पाऊस त्यांना फारसा हलवत नाही. कोळशाच्या डांबरातली बहुवलयी संयुगं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. जे खरोखर विरघळतं, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, ते खाली भूजलात उतरतं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून ते भूजलाच्या पातळीवर थर धरून बसतं आणि पावसाळ्यात पाण्याबरोबर वर येतं. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट पाण्याहून जड, ती थेट तळाशी खडकापर्यंत जातात. परळ-वरळीचा बराचसा भाग मुळात खाजणात भराव टाकून केलेला, भूजल तिथे हाताच्या अंतरावर. आणि उन्हाळ्यात त्याच भागातल्या सोसायट्या बोअरवेलच्या पाण्याने गाड्या धुतात, झाडं जगवतात.

वेळ गेला की जोखीम संपते हेही खरं नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या लव्ह कॅनालमध्ये एका रासायनिक कंपनीने 1942 ते 1953 या काळात सुमारे वीस हजार टन कचरा पुरला आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. वर शाळा झाली, घरं झाली. आणीबाणी जाहीर करायची वेळ आली ती 1978 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तो कचरा गिरणीच्या कचऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर होता, त्यामुळे प्रमाणाची तुलना मी करत नाही. पंचवीस वर्षांत तो ‘वाहून गेला’ नव्हता, इतकंच.

“बिल्डर सॉइल टेस्ट करतोच”

करतो, आणि ती चोख करतो. फक्त ती वेगळी चाचणी आहे. बोअर मारून दर दीड मीटरवर हातोड्याचे किती ठोके लागतात ते मोजायचं, खडक किती खोल आहे ते पाहायचं, मातीची भार पेलायची ताकद काढायची. पाया आणि पाइल ठरवण्यासाठी हे लागतं. त्या अहवालात क्रोमियम नसतं, पीसीबी नसतात, तेलाचं प्रमाण नसतं. विचारलंच नाही तर प्रयोगशाळा सांगणार कुठून? पर्यावरण मंजुरीच्या कागदपत्रांत माती असते, पण तिथे बहुतेकदा सामू (पीएच), क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश एवढंच मोजलेलं दिसतं. लॉनला खत किती घालायचं ते त्यावरून कळेल.

दूषित जमिनीची तपासणी निराळ्या क्रमाने होते आणि तिचा पहिला टप्पा कुदळ न मारता कागदांत होतो. जुने नकाशे, कारखाना निरीक्षकांकडे मंजूर झालेले आराखडे, बॉयलरच्या नोंदी, तेलसाठ्याचे परवाने. यांतून गिरणीचा एक नकाशा तयार होतो : रंगखातं इथे, पिंपांची शेड इथे, ट्रान्सफॉर्मर इथे, सांडपाण्याचं गटार असं जाऊन नाल्याला मिळतं. गिरणीच्या आवारात वाफ थंड करायला तळं असे. अशा तळ्याच्या गाळात गिरणीचा सगळा इतिहास थराथरांनी साचलेला असतो, त्यामुळे तो गाळ तपासणं सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी. मग दुसरा टप्पा : संशयित जागांवर दाट आणि बाकी आवारात विरळ अशी बोअर मारायची, वरची वीतभर माती वेगळी, मीटरभर खालची वेगळी असे नमुने घ्यायचे, दोन-तीन ठिकाणी भूजल बघायला नळ्या ठेवायच्या.

नकाशापेक्षाही मोलाचा एक दस्तऐवज आपल्याकडे आहे आणि तो झपाट्याने संपतोय. बॉयलरवर काम केलेला, रंगखात्यात पिंपं हलवलेला, टाकी साफ करायला खाली उतरलेला माणूस. रिकामी पिंपं कुठे टाकत, राख कुठे जाई, कोणतं गटार कायम तुंबे, हे त्याला विचारा. आराखड्यावर जे कधीच नोंदलं गेलं नाही ते तो बोट दाखवून सांगेल. परदेशात जुन्या कामगारांच्या मुलाखती हा या तपासणीचा रीतसर भाग असतो. इथे 1982 च्या जानेवारीत संपावर गेलेला पंचविशीतला बदली कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. वारसांच्या यादीसाठी त्याच्याकडून तिकीट नंबर आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद मागितले जातात. जागेबद्दल मात्र त्याला कोणी काही विचारत नाही.

“सरकार परवानगी देतं ते काय डोळे मिटून?”

डोळे उघडे असतात, पण नजर दुसरीकडे असते. आयओडी, म्हणजे पालिकेची बांधकामाची सशर्त मंजुरी, तिच्या अटींची यादी लांबलचक असते : अग्निशमन, पाणी, झाडं, डेब्रिज, विमानतळामुळे येणारी उंचीची मर्यादा. जमिनीवर पूर्वी काय होतं हा रकाना त्यात ठळकपणे नाही. 20,000 चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, पण तिचा भर बांधकामाचा आजूबाजूला काय परिणाम होईल यावर असतो. जमीन बांधकामातल्या माणसांवर काय परिणाम करील, हा उलटा प्रश्न बाजूलाच पडतो.

दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम देशात आले ते थेट जुलै 2025 मध्ये, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. त्यानुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने करायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक आणि नंतर तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, आणि ज्याने दूषित केलं त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. नियम चांगले आहेत. खोट एवढीच की यादीत नाव आल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही, आणि बंद गिरणी म्हणून आपोआप कोणाचं नाव यादीत येत नाही. शिवाय ज्याने दूषित केलं तो कोण, हा गिरण्यांच्या बाबतीत छान वादाचा विषय आहे. मूळ मालक, मग राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, मग लिलावात घेणारा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

“एवढे टॉवर झाले, कोणाला काय झालं?”

या युक्तिवादाला वरकरणी वजन आहे, म्हणून थोडं थांबतो.

टॉवरच्या खाली बहुतेकदा दोन-तीन मजल्यांचं तळघर असतं. म्हणजे त्या जागेची दहा-बारा मीटर माती उचलून ट्रकने बाहेर गेली. तिथे राहणाऱ्याला काही झालं नसेल तर ते एवढ्यासाठी की त्याच्या पायाखाली ती माती उरलीच नाही. प्रश्न ती कुठे गेली हा आहे. तपासलेली नसल्याने ती साधी माती म्हणून गेली, कुठल्या तरी भरावात. दूषित निघाली असती तर ती तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावी लागली असती, आणि तो खर्च वेगळा.

आता त्याच आवारातला दुसरा तुकडा बघा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 नुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. मोकळ्या जागेत तळघर नसतं. तिथे जुनीच माती राहते, वर थोडी लाल माती आणि लॉन. तिथेच मुलं खेळतात, हात तोंडात घालतात. दूषित जमिनीच्या शास्त्रात घराच्या अंगणातल्या आणि बागेतल्या मातीची मर्यादा दुकानाखालच्या मातीपेक्षा कडक असते, ती याच कारणाने. मॉल सुरक्षित आहे म्हणून बाग सुरक्षित, हा निष्कर्ष त्यामुळे निघतच नाही. म्हाडाच्या तळघर नसलेल्या इमारतींचंही तेच. वाटणीच्या आराखड्यात मालकाचा तुकडा कोणत्या बाजूला पडला, पालिकेचा आणि म्हाडाचा कुठे, आणि त्या जागी पूर्वी कोणतं खातं होतं, हे तीन नकाशे एकावर एक ठेवून कोणी पाहिलंय का?

राहिला ‘कोणाला काय झालं’ हा भाग. शिसं मुलांच्या बुद्धीवर हळूहळू परिणाम करतं, कर्करोगाला वीस-तीस वर्षं लागतात. मोजणारं कोणी नसताना ‘काही झालं नाही’ असं ठामपणे म्हणता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आमच्या बाजूचे लोक सहसा सांगत नाहीत : सफाई घाईने केली तर ती न करण्यापेक्षा घातक ठरू शकते. इंग्लंडमधलं कॉर्बी हे पोलादाचं गाव. कारखान्यातलं पोलाद 1980 च्या सुमाराला थांबलं, मग नगरपरिषदेने जमीन घेऊन साफसफाई सुरू केली. विषारी गाळ उघड्या लॉऱ्यांतून गावातून नेला गेला, रस्त्यांवर सांडला, वाळून धूळ झाला. त्या वर्षांत गावात जन्मलेल्या काही मुलांच्या हातापायांत व्यंगं निघाली. 2009 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने नगरपरिषदेवर हलगर्जीचा ठपका ठेवला आणि पुढच्या वर्षी भरपाईची तडजोड झाली. याउलट 2012 च्या ऑलिंपिकसाठी पूर्व लंडनमध्ये शतकभराच्या उद्योगांनी नासलेली जमीन घेतली तेव्हा जागेवरच माती धुण्याची यंत्रं लावली आणि बहुतांश माती स्वच्छ करून तिथेच वापरली. दोन्हीकडे जमीन दूषितच होती. लंडनमध्ये खोदण्याआधी तपासलं होतं आणि काय करायचं ते ठरवलं होतं.

“कामगारांची घरं अडवायचा डाव”

हा राग समजण्यासारखा आहे. संपापासून आजवर ज्यांनी ज्यांनी ‘थांबा, आधी हे बघू’ म्हटलं त्यांनी कामगाराला थांबवूनच ठेवलं. पण घरं कशामुळे अडली ते तारखांनिशी बघू. 2001 मध्ये नियम 58 बदलला आणि तीन वाटे गिरणीच्या सगळ्या जमिनीऐवजी फक्त रिकाम्या जमिनीचे करायचं ठरलं. जिथे शेड उभी होती ती जमीन हिशेबातून वगळली. गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन, तिच्यातला पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा एका फटक्यात आकसला. प्रकरण न्यायालयात गेलं, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. पहिली सोडत निघाली जून 2012 मध्ये, 6,925 घरांची. अर्ज मात्र सगळे मिळून पावणेदोन लाखांच्या घरात गेले. आता उरलेल्यांना मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरची शेलू आणि वांगणी दाखवली जाते. या सगळ्या इतिहासात मातीच्या तपासणीने एक दिवसही खाल्लेला नाही, कारण अशी तपासणी कधी अडसर ठरेल इतकी झालीच नाही.

वेळेचं म्हणाल तर कागदांचा टप्पा काही आठवड्यांचा आणि नमुन्यांचा काही महिन्यांचा. शेड पाडण्याचं काम चालू असतानाच दोन्ही होऊ शकतात. खरा उशीर होतो तो खोदाई अर्ध्यावर असताना काळं, वासाचं पाणी लागलं आणि काम थांबलं तर. खर्चाचं म्हणाल तर बॉम्बे डाईंगची वरळीची सुमारे 22 एकर जमीन 2023 मध्ये सुमारे 5,200 कोटी रुपयांना विकायचं ठरलं. त्या भावात चार-दोन डझन बोअर आणि प्रयोगशाळेचं बिल कुठल्या रकान्यात दिसेल? सोलापूर किंवा अमळनेरच्या गिरण्यांच्या जमिनीचा भाव इतका नाही, तिथे हा खर्च बिल्डरच्या गळी उतरवणं अवघड जाईल आणि राज्य मंडळालाच पुढे यावं लागेल, हे मान्य.

आणि काही सापडलं म्हणून घरं रद्द होत नाहीत. तेलाने माखलेली माती बहुतेकदा जिवाणूंच्या मदतीने जागेवरच सुधारता येते. धातू असलेली माती सिमेंटने बांधून टाकता येते, किंवा वर मीटरभर स्वच्छ माती आणि खाली पडदा टाकून बंद करता येते. वायू येत असतील तर जोत्याखाली अडथळा घालता येतो. कधी आराखड्यातच अदलाबदल पुरते : रंगखात्याच्या जागी पार्किंग, आणि बाग जिथे सुताचं गोदाम होतं तिथे. ही अदलाबदल आराखडा कागदावर असतानाच फुकटात होते. इमारत उभी राहिल्यावर होत नाही.

मेसेज पुढे ढकलण्याआधी ज्यांच्या घराचा प्रश्न आहे त्यांनी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागावेत : गिरणीचा कारखाना निरीक्षकांनी मंजूर केलेला शेवटचा आराखडा, जमिनीच्या वाटणीचा मंजूर नकाशा, आणि जमिनीवर झालेल्या सगळ्या चाचण्यांचे अहवाल, कोणत्या खोलीवर काय मोजलं त्या तक्त्यासह. तिसऱ्या कागदात फक्त ठोक्यांचे आकडे आणि नत्र-स्फुरद असेल तर म्हाडा आणि पालिका, दोघांनाही लेखी विचारावं की ताबा घेण्यापूर्वी धातू, तेल आणि पीसीबीसाठी नमुने कधी घेणार.